जपानी भाषेतील इंग्रजी आदान शब्द : अर्थबदलाचे स्वरूप आणि मराठी भाषक अध्येत्यापुढील प्रश्न

१. प्रास्ताविक

जपानी भाषेच्या प्राथमिक वर्गात हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांचा परिचय झाल्यावर विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडासा निर्धास्तपणा दिसू लागतो. काताकाना लिपीत लिहिलेला शब्द अडखळत वाचून झाला की तो ‘ओळखीचा’ निघतो. ‘तेरेबि’ म्हणजे टेलिव्हिजन, ‘होतेरु’ म्हणजे हॉटेल, ‘काऽदो’ म्हणजे कार्ड, हे कळताच कांजीच्या ओझ्याने दबलेल्या विद्यार्थ्याला हायसे वाटते. हे शब्द पाठ करावयाची गरज नाही, इंग्रजी येते म्हणजे ते येतातच, अशी त्याची समजूत होते. ही समजूत अर्धवट खरी आहे आणि म्हणूनच ती अधिक त्रासदायक ठरते.

प्रस्तुत लेखकाच्या वर्गात एकदा भाषांतरासाठी एक साधे वाक्य दिले होते : ‘वाताशि वा मान्शोन नि सुन्दे इमासु’. वर्गातील उत्तम इंग्रजी जाणणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी ‘मी हवेलीत राहतो’ असे भाषांतर केले. वास्तविक ‘मान्शोन’ म्हणजे पक्क्या बांधणीच्या बहुमजली इमारतीतील सदनिका. ‘मी फ्लॅटमध्ये राहतो’ एवढाच त्या वाक्याचा अर्थ. त्याच तासाला ग्रामीण भागातून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर विचारले, “सर, माझं इंग्रजी कच्चं आहे. हे काताकानाचे शब्द मला जमतील का?” हा प्रश्न वरवर साधा असला तरी त्याच्यामागे एक भीती आहे. जपानी शिकण्यासाठी आधी इंग्रजी उत्तम असावे लागते आणि आपण आरंभीच मागे पडलो आहोत, ही ती भीती. प्रस्तुत लेख म्हणजे एका अर्थाने त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

जपानीत आलेला इंग्रजी शब्द हा इंग्रजी शब्द राहत नाही, तो जपानी शब्द होतो. त्याचा उच्चार, अर्थ, व्याकरण आणि प्रतिष्ठा ही सर्व जपानी शब्दसंग्रहातील त्याच्या स्थानावरून ठरतात, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. हे एकदा लक्षात घेतले की इंग्रजी चांगले असणारा आणि इंग्रजी कच्चे असणारा असे दोन्ही विद्यार्थी या शब्दांपुढे बऱ्याच अंशी समान पातळीवर येतात.

लेखातील लिप्यंतराविषयी एक खुलासा आवश्यक आहे. जपानीत स्वराच्या दीर्घत्वाने अर्थ बदलतो. इकार व उकार यांचे दीर्घत्व देवनागरीत दाखविता येते. आकार, एकार व ओकार यांचे दीर्घत्व येथे अवग्रह चिन्हाने (ऽ) दाखविले आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

जपानी शब्दसंग्रहाचे स्थूलमानाने तीन थर मानले जातात. मूळ जपानी शब्द म्हणजे ‘वागो’, चिनी भाषेतून आलेले अथवा चिनी घटकांपासून घडविलेले शब्द म्हणजे ‘कांगो’ आणि अन्य, मुख्यतः युरोपीय, भाषांतून आलेले शब्द म्हणजे ‘गाइराइगो’. मराठीतील तद्भव, तत्सम आणि परभाषीय या विभागणीशी ही रचना काहीशी मिळतीजुळती आहे. संस्कृतचे जे स्थान मराठीत, ते अनेक बाबतींत चिनीचे जपानीत आहे. जपानच्या राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने १९५६ मधील ९० नियतकालिकांच्या भाषेची पाहणी केली होती. त्यात वेगवेगळे शब्द मोजले असता वागो ३६.७ टक्के, कांगो ४७.५ टक्के आणि गाइराइगो ९.८ टक्के आढळले, उरलेले शब्द मिश्र होते. त्यानंतरच्या काळात गाइराइगो शब्दांचे प्रमाण वाढत गेले आहे.

युरोपीय शब्दांचा जपानमधील प्रवेश मात्र इंग्रजीपासून झाला नाही. १५४३ साली पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर पोहोचले. १५४९ साली फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून मलाक्कामार्गे कागोशिमा येथे उतरले. गोवा हे पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सत्तेचे केंद्र असल्यामुळे जपानी आणि मराठी-कोकणी या भाषांना एकाच काळात एकाच भाषेतून शब्द मिळाले. पोर्तुगीजांचा भाजलेल्या पिठाचा पदार्थ मराठीत ‘पाव’ झाला आणि जपानीत ‘पान’ झाला. ‘ताबाको’ म्हणजे तंबाखू, ‘बोतान’ म्हणजे बटण, ‘कारुता’ म्हणजे खेळावयाचे पत्ते, हे जपानी शब्द त्याच काळातील आहेत. पोर्तुगीजमधील ‘पैसे देणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे मराठीत ‘पगार’ हे नाम झाले, हेही येथे आठवावे. शब्द घेताना त्याचा अर्थ जसाच्या तसा घेण्याचे बंधन तेव्हाही कोणत्याच भाषेने पाळले नव्हते.

पुढे १६४१ पासून युरोपीयांपैकी केवळ डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या देजिमा या कृत्रिम बेटावर राहण्याची मुभा उरली. ‘बीरु’ (बिअर), ‘गारासु’ (काच), ‘कोऽहीऽ’ ऐवजी लिपीसंकेतानुसार ‘कोऽही’ असा लिहावयाचा कॉफीवाचक शब्द आणि ‘गोमु’ (रबर) हे शब्द डचमधून आले. १८५३ मध्ये अमेरिकी आरमार जपानच्या किनाऱ्यावर आले आणि १८६८ मध्ये मेइजी राजवटीचा आरंभ झाला. त्यानंतर वैद्यक व विद्याक्षेत्रात जर्मनचा प्रभाव पडला. रुग्णाची नोंदपत्रिका या अर्थाचा ‘कारुते’ आणि अर्धवेळ काम या अर्थाचा ‘आरुबाइतो’ हे शब्द जर्मन आहेत. जर्मनमध्ये दुसऱ्या शब्दाचा अर्थ कोणतेही काम असा आहे, जपानीत मात्र मुख्यतः विद्यार्थ्यांनी वा गृहिणींनी जोडीला केलेले काम एवढाच तो उरला. प्रश्नावलीसाठी वापरला जाणारा ‘आन्केऽतो’ फ्रेंचमधून आला. तेव्हा काताकानात लिहिलेला प्रत्येक शब्द इंग्रजीच असेल असे समजणे ही पहिली चूक होय.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजीला ‘तेकिसेइगो’ म्हणजे शत्रूची भाषा ठरवून तिचे शब्द टाळण्याची मोहीम झाली. बेसबॉलच्या मैदानावरील ‘सुतोराइकु’च्या जागी ‘योशि’ म्हणजे ‘ठीक’ यासारखे जपानी शब्द योजण्यात आले. १९४५ नंतर चित्र पालटले. १९५२ पर्यंत चाललेल्या अमेरिकी अंमलाच्या आणि त्यानंतरच्या औद्योगिक भरभराटीच्या काळात इंग्रजी शब्दांचा ओघ सुरू झाला, तो आजतागायत चालू आहे. या शब्दांच्या लेखनासंबंधी जपानी मंत्रिमंडळाने १९९१ साली अधिकृत मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या.

३. ध्वनिरूपातील बदल

अर्थाचा विचार करण्यापूर्वी उच्चाराचा विचार करणे भाग आहे, कारण शब्द कानाने ओळखताच आला नाही तर अर्थाचा प्रश्न उद्भवत नाही. जपानी अक्षर सामान्यतः स्वरान्त असते. अनुनासिक आणि द्वित्त वगळता व्यंजनाला व्यंजन जोडून येत नाही. त्यामुळे जोडाक्षरे फुटतात आणि प्रत्येक व्यंजनाला स्वर लाभतो. ‘स्ट्राइक’ हा शब्द ‘सु-तो-रा-इ-कु’ असा पाच मात्रांचा होतो. ‘मॅकडोनाल्ड’चे ‘मा-कु-दो-ना-रु-दो’ होते. ‘ल’ आणि ‘र’ यांत जपानी भेद करीत नसल्यामुळे प्रकाश आणि उजवी बाजू या अर्थांचे दोन्ही इंग्रजी शब्द ‘राइतो’ या एकाच रूपात येतात. कोणता अर्थ घ्यावयाचा हे संदर्भावरून ठरते.

मराठी भाषक विद्यार्थ्याला येथे एक सोय उपलब्ध आहे. छंदःशास्त्रातील मात्रागणनेची कल्पना त्याला नवी नसते. ऱ्हस्वाची एक व दीर्घाची दोन मात्रा हा नियम जपानी उच्चाराच्या मोजणीला बराचसा लागू पडतो. ‘बिरु’ म्हणजे इमारत, तर ‘बीरु’ म्हणजे बिअर. ‘चिझु’ म्हणजे नकाशा, तर ‘चीझु’ म्हणजे चीज. द्वित्ताचेही तसेच आहे. ‘बागु’ म्हणजे संगणकीय आज्ञावलीतील दोष, तर ‘बाग्गु’ म्हणजे पिशवी. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ किंवा ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांतील फरक जाणणाऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही, केवळ त्याची आठवण करून द्यावी लागते. रोमन लिपीतून जपानी शिकताना दीर्घत्वाकडे होणारे दुर्लक्ष देवनागरीतून टिपणे घेतल्यास पुष्कळ कमी होते. आकार, एकार आणि ओकार यांच्या बाबतीत मात्र नेहमीचे मराठी लेखन अपुरे पडते. तेथे अवग्रहासारखे एखादे चिन्ह कटाक्षाने वापरावे.

४. अर्थबदलाचे प्रकार

(अ) अर्थसंकोच : मूळ शब्दाच्या अनेक अर्थांपैकी एकच अर्थ उचलला जातो. ‘हान्दोरु’ म्हणजे मोटारीचे सुकाणू-चाक किंवा सायकलीचा दांडा. दाराच्या मुठीसाठी हा शब्द सहसा चालत नाही. ‘रिफोऽमु’ म्हणजे घराची दुरुस्ती व नूतनीकरण, क्वचित जुन्या कपड्यांची फेररचना. समाजसुधारणा वा राज्यकारभारातील सुधारणा यासाठी हा शब्द वापरीत नाहीत, कारण त्या अर्थासाठी ‘काइकाकु’ हा कांगो शब्द आधीपासून रूढ आहे. अर्थसंकोचाचे कारण या उदाहरणातून स्पष्ट होते. नवागत शब्दाला पूर्वीच्या शब्दांनी न व्यापलेली जागाच बहुधा मिळते.

(आ) अर्थांतर : येथे अर्थ एका कल्पनेवरून जवळच्या दुसऱ्या कल्पनेवर सरकतो. आरंभी उल्लेखिलेला ‘मान्शोन’ याच वर्गातील. महायुद्धोत्तर काळात साध्या ‘आपाऽतो’पेक्षा वरच्या दर्जाच्या सदनिका विकताना बांधकाम व्यावसायिकांनी हा भारदस्त शब्द योजला आणि तो सामान्यनाम होऊन बसला. मुंबईतील अनेक जुन्या इमारतींच्या नावांत ‘मॅन्शन’ हा शब्द दिसतो. त्यामागील हौसही याहून फारशी वेगळी नसावी. ‘कुरेऽमु’ या शब्दाचा व्यवहारातील मुख्य अर्थ ‘तक्रार’ असा आहे. मूळ इंग्रजीतील ‘दावा’ किंवा ‘प्रतिपादन’ हा अर्थ मनात धरून जपानी ग्राहकाचे पत्र भाषांतरित करणारा नवशिका भाषांतरकार तक्रारीचे रूपांतर दाव्यात करून बसण्याचा संभव असतो आणि कारखान्यात त्याचे परिणाम साधे नसतात. ‘सुमाऽतो’ म्हणजे सडपातळ, सुडौल. ‘तुम्ही सुमाऽतो आहात’ असे म्हणणारी जपानी व्यक्ती आपल्या बुद्धीची नव्हे, तर बांध्याची प्रशंसा करीत असते. ‘सुमाऽतोफोन’ आणि त्याचे ‘सुमाहो’ हे लघुरूप रूढ झाल्यानंतर ‘हुशार’ हा अर्थही त्याला येऊन मिळाला आहे, परंतु पहिला अर्थ लोपलेला नाही.

‘बाइकिंगु’ या शब्दाची कथा उद्बोधक आहे. १९५८ साली तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलने स्कँडिनेव्हियन धर्तीवर, हवे ते हवे तितके वाढून घेण्याची भोजनपद्धती सुरू केली आणि त्या उपाहारगृहाला ‘इम्पीरियल व्हायकिंग’ असे नाव दिले. तेव्हापासून अशा भोजनाला जपानीत ‘बाइकिंगु’ म्हणतात. इतिहासातील दर्यावर्दी लढवय्यांचा संबंध आता केवळ नावापुरता उरला आहे.

(इ) अर्थमूल्यातील बदल : काही शब्दांत मूळ अर्थाची छटा बरी-वाईट अशी उलटते. इंग्रजीत ‘नाईव्ह’ हे विशेषण भोळसटपणाचे, जगाचे ज्ञान नसल्याचे सूचक आहे. जपानीत ‘नाईबु’ म्हणजे संवेदनशील, हळव्या मनाचा. हा दोष न मानता पुष्कळदा गुणच मानला जातो. ‘तेन्शोन’ हा शब्द मराठी विद्यार्थ्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. ‘तेन्शोन गा आगारु’ याचा शब्दशः अर्थ ‘टेन्शन वाढते’ असा होतो. मराठीत असे म्हणणारा चिंतेत असतो. जपानीत असे म्हणणारा मात्र आनंदाने उचंबळून आलेला असतो, म्हणजे त्याचा उत्साह वाढलेला असतो. येथे विद्यार्थ्याची फसगत इंग्रजीमुळे होत नाही, ती त्याच्या मातृभाषेत रुळलेल्या इंग्रजी शब्दामुळे होते.

(ई) संक्षेप : लांब शब्द जपानीत छाटले जातात आणि चार मात्रांचे रूप विशेष पसंत केले जाते. ‘पासोकोन’ म्हणजे वैयक्तिक संगणक, ‘रिमोकोन’ म्हणजे दूरनियंत्रक, ‘एआकोन’ म्हणजे वातानुकूलन यंत्र, ‘झेनेकोन’ म्हणजे बांधकामाचे मोठे कंत्राटदार. या चारही शब्दांच्या अंती येणारा ‘कोन’ अनुक्रमे कॉम्प्युटर, कंट्रोल, कंडिशनर आणि कॉन्ट्रॅक्टर यांचा अवशेष आहे. इंग्रजी कितीही उत्तम असले तरी केवळ ‘कोन’ ऐकून अर्थ लागणे शक्य नाही. भिंतीवरील विजेच्या खोबणीला ‘कोन्सेन्तो’ म्हणतात. ‘कॉन्सेन्ट्रिक प्लग’ या संज्ञेचा तो संक्षेप मानला जातो. संमतीवाचक इंग्रजी शब्दही जपानीत याच रूपात येतो. त्यामुळे रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीसाठी ‘इन्फोऽमुदो कोन्सेन्तो’ ही संज्ञा आली तेव्हा ती सामान्य माणसास दुर्बोध वाटणे स्वाभाविक होते. जगभर पोहोचलेला ‘काराओके’ हा शब्दही असाच घडला आहे. त्यातील ‘कारा’ म्हणजे रिकामा हा जपानी शब्द आहे आणि ‘ओके’ हा ऑर्केस्ट्राचा संक्षेप आहे.

(उ) जपानमध्ये घडविलेले ‘इंग्रजी’ शब्द : यांना ‘वासेइ-एइगो’ म्हणजे ‘जपाननिर्मित इंग्रजी’ असे म्हणतात. घटक इंग्रजी, जोडणी जपानी. वाहनपरवाना आहे पण गाडी चालवीत नाही अशी व्यक्ती म्हणजे ‘पेऽपाऽ दोराइबाऽ’, कागदोपत्री चालक. रात्री खेळला जाणारा बेसबॉलचा सामना म्हणजे ‘नाइताऽ’. पगारी नोकरदार म्हणजे ‘सारारीमान’. लहान मुलाची ढकलगाडी म्हणजे ‘बेबी काऽ’. ‘माइ काऽ’ म्हणजे ‘माझी गाडी’ असे वाटेल, परंतु त्याचा अर्थ ‘स्वतःच्या मालकीची खासगी गाडी’ असा आहे. त्यामुळे ‘तानाकासान यांची माइ काऽ’ असे म्हणण्यात कोणतीही विसंगती नाही. इंग्रजीतील सर्वनाम येथे ‘स्वतःचा, वैयक्तिक’ या अर्थाचा उपसर्ग बनले आहे. जपानमधील रहिवाशांना दिला जाणारा, २०१६ पासून वापरात आलेला बारा-अंकी ओळख क्रमांक ‘माइ नाम्बाऽ’ या नावाने ओळखला जातो. शासनव्यवहारातही हा उपसर्ग किती स्थिरावला आहे, हे यावरून दिसते.

५. शब्दसंग्रहातील अर्थाची वाटणी

नवा शब्द आला की जुना लोपतो असे नाही. पुष्कळदा दोघे अर्थक्षेत्र वाटून घेतात. वाडग्यात वाढलेला भात तो ‘गोहान’, पाश्चात्त्य पद्धतीच्या उपाहारगृहात बशीत वाढलेला भात तो ‘राइसु’. पदार्थ तोच, पण भांडे आणि प्रसंग बदलताच शब्द बदलतो. तातामी चटयांच्या खोल्यांचे पारंपरिक निवासस्थान ते ‘र्‍योकान’, पाश्चात्त्य पद्धतीचे ते ‘होतेरु’.

एकाच युरोपीय शब्दकुळातील शब्द निरनिराळ्या वाटांनी आले, तेथेही अशीच वाटणी दिसते. डचमधून आलेला ‘गारासु’ म्हणजे काच हा पदार्थ, तर इंग्रजीतून आलेला ‘गुरासु’ म्हणजे पेयाचा काचेचा प्याला. पोर्तुगीज ‘कारुता’ म्हणजे पारंपरिक खेळाचे पत्ते, जर्मन ‘कारुते’ म्हणजे रुग्णपत्रिका आणि इंग्रजी ‘काऽदो’ म्हणजे कार्ड. इंग्रजी पद्धतीच्या बावन्न पत्त्यांना मात्र ‘तोराम्पु’ म्हणतात, ‘हुकूम’वाचक इंग्रजी शब्दावरून. एकाच इंग्रजी शब्दाची दोन रूपेही आढळतात. बेसबॉलमधील तो ‘सुतोराइकु’ आणि कामगारांचा संप तो ‘सुतोराइकि’. यंत्र या अर्थी ‘माशिन’ आणि शिवणयंत्र या अर्थी ‘मिशिन’. या शब्दांचा अर्थ जपानीतील शेजारच्या शब्दांशी त्यांचा संबंध पाहूनच कळतो, इंग्रजी शब्दकोश येथे फारसा उपयोगी पडत नाही.

६. व्याकरणातील सामावणी

आदान शब्द जपानी व्याकरणाचे नियम निमूटपणे पाळतो. नामाला ‘सुरु’ म्हणजे ‘करणे’ हे क्रियापद जोडले की क्रियापद सिद्ध होते. ‘कोपी सुरु’ म्हणजे प्रत काढणे. मराठीतही आपण ‘कॅन्सल करणे’, ‘फोन करणे’ असेच म्हणतो. विशेषण असेल तर ‘ना’ जोडला जातो, जसे ‘सुमाऽतो ना हितो’ म्हणजे सडपातळ व्यक्ती. काही शब्द तर जपानी क्रियापदांप्रमाणे चालविले जातात. फ्रेंचमधून आलेल्या घातपातवाचक शब्दाचे ‘साबोरु’ झाले. त्याचा अर्थ तास बुडविणे, काम चुकविणे. त्याचे नकारार्थी, भूतकाळी अशी सर्व रूपे होतात. गूगलवर शोधणे या अर्थी ‘गुगुरु’ हे क्रियापदही असेच रूढ झाले. मराठीने टेबल नपुंसकलिंगी, बस स्त्रीलिंगी व कप पुल्लिंगी ठरविला आणि ‘टेबलावर’, ‘कॉलेजात’ अशी सामान्यरूपे केली, तीच ही प्रक्रिया होय. शब्द ज्या घरात जातो त्या घराची रीत तो पाळतो.

७. शुद्धाशुद्धतेचा प्रश्न

या शब्दांना ‘जपान्यांचे चुकीचे इंग्रजी’ म्हणून हसण्याची प्रवृत्ती विद्यार्थ्यांत आढळते आणि कधी कधी अध्यापकांतही आढळते. तिचे निराकरण करण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या महाविद्यालयांतच ‘कॉपी’ म्हणजे परीक्षेतील गैरप्रकार. जपानीत त्याला ‘कान्निंगु’ म्हणतात, मूळ इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ धूर्तपणा असा आहे. वार्षिक स्नेहसंमेलन म्हणजे ‘गॅदरिंग’. ‘ते सर्व्हिसला आहेत’ म्हणजे ते नोकरी करतात. जपानी दुकानदार ‘हे साऽबिसु आहे’ असे म्हणतो तेव्हा ती वस्तू विनामूल्य, वरकड म्हणून दिलेली असते. मराठी माणूस ‘हॉटेलात चहा घेतला’ असे म्हणतो तेव्हा तेथे मुक्कामाची सोय असावी अशी त्याची अपेक्षा नसते. हे मराठी प्रयोग आपण चुकीचे इंग्रजी मानत नाही, कारण ते मराठी आहेत. जपानीला हाच न्याय लावला पाहिजे.

तथापि दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. आदान शब्दांच्या अतिरेकाविषयी खुद्द जपानमध्ये अस्वस्थता आहे. राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने २००३ ते २००६ या काळात दुर्बोध आदान शब्दांसाठी पर्यायी शब्दांचे प्रस्ताव क्रमाक्रमाने प्रसिद्ध केले. वर उल्लेखिलेल्या ‘इन्फोऽमुदो कोन्सेन्तो’साठी ‘नात्तोकु शिन्‍र्योऽ’ म्हणजे ‘पटवून दिलेले उपचार’ असा पर्याय त्यात सुचविला होता. २०१३ साली एका वयोवृद्ध गृहस्थांनी, एन.एच.के. या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या कार्यक्रमांत परकीय शब्दांचा अतिरेक होत असल्यामुळे मानसिक त्रास होतो, अशी फिर्याद नागोया येथील न्यायालयात दाखल केली. न्यायालयाने पुढील वर्षी ती फेटाळली, परंतु प्रश्नाकडे लोकांचे लक्ष वेधले गेले. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत ‘कुरासुताऽ’, ‘ओऽबाऽशूतो’, ‘रोक्कुदाउन’ या शब्दांचा भडिमार सुरू होताच, हे सारे जपानीत का सांगू नये, असा सवाल तत्कालीन संरक्षणमंत्री कोऽनो ताऽरोऽ यांनी जाहीरपणे केला होता. आरोग्यविषयक सूचना वृद्धांना कळणे हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न होता. शब्द परकीय आहे का, यापेक्षा तो ऐकणाऱ्याला समजतो का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

८. अध्ययन-अध्यापनासाठी काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे व वर्गातील अनुभवावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) काताकाना शब्दांची स्वतंत्र वही करावी व अर्थ शक्यतो मराठीत लिहावा. ‘कुरेऽमु’ या शब्दापुढे मूळ इंग्रजी शब्द लिहिल्यास चुकीचा अर्थच पक्का होतो. ‘तक्रार’ असे लिहिल्यास योग्य अर्थ मनात ठसतो.

२) शब्द सुटा न शिकता वाक्यासह शिकावा. ‘तेन्शोन’ नव्हे, तर ‘तेन्शोन गा आगारु’.

३) प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा जपानी शेजारी कोणता, हे विचारावे. ‘राइसु’ शिकताना ‘गोहान’ आणि ‘रिफोऽमु’ शिकताना ‘काइकाकु’ समोर ठेवावा.

४) शब्द आधी ऐकावा, नंतर वाचावा आणि मूळ शब्दाचा शोध सर्वांत शेवटी घ्यावा. मूळ शब्द आधी सांगितला की विद्यार्थ्याचा कान बंद होतो.

५) जपानी शब्द सुचला नाही म्हणून कोणताही इंग्रजी शब्द स्वर जोडून वापरण्याची सवय लागू देऊ नये. विजेच्या खोबणीसाठी ‘सोकेत्तो’ म्हटल्यास ऐकणाऱ्याला दुसरेच काही वाटू शकते, ‘कोन्सेन्तो’ म्हटल्यास तत्काळ कळते.

६) मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांशी तुलना करण्याचा एक तास अवश्य घ्यावा. ‘कॉपी’, ‘टेन्शन’, ‘सर्व्हिस’, ‘हॉटेल’ या चार शब्दांतून भाषिक आदानाचे तत्त्व जितके स्पष्ट होते, तितके ते पारिभाषिक संज्ञांच्या व्याख्यांतून होत नाही.

९. समारोप

भाषा शब्द घेते तेव्हा त्याबरोबर त्याचा सारा पूर्वेतिहास घेत नाही. आपल्याला हवा तेवढा अर्थ ती घेते, आपल्या उच्चाराच्या साच्यात तो शब्द बसविते आणि आपल्या गरजेनुसार त्याला नवे काम देते. जपानीतील इंग्रजी आदान शब्द हे या प्रक्रियेचे ठळक उदाहरण आहे. उत्तम इंग्रजी जाणणाऱ्या विद्यार्थ्याला ते ओळखीचे वाटतात आणि त्या ओळखीवर विसंबल्यामुळे तो चुकतो. इंग्रजीविषयी न्यूनगंड बाळगणारा विद्यार्थी त्यांना विनाकारण भितो. दोघांनाही एकच गोष्ट सांगितली पाहिजे : हे शब्द जपानी आहेत आणि ते जपानी म्हणूनच शिकावे लागतील.

आरंभी उल्लेखिलेल्या त्या विद्यार्थ्याला तेव्हा एवढेच सांगितले होते की, ‘मान्शोन’चा अर्थ तुझ्या सहाध्यायांनाही शिकावाच लागला आणि तुला निदान आधी शिकलेला अर्थ विसरावा लागणार नाही. इंग्रजीचे ज्ञान निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. शब्दाचे मूळ कळल्याने तो स्मरणात राहण्यास साहाय्य होते. मात्र जपानी शिकण्याची ती पूर्वअट नाही. मराठी माध्यमातून येणाऱ्या विद्यार्थ्याला परकीय भाषेच्या वर्गात प्रवेश देताना आपण अध्यापकांनी हे ध्यानात ठेवले, तर इंग्रजीच्या भीतीने मागे राहणारे काही विद्यार्थी निश्चितच पुढे येतील.